स्प्रिंग किती कडक? पटाची छकडी आणि घरची बंडी

(एपिसोड ऐकायला वेळ नसतो, त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. माझं 'अं… म्हणजे…' आणि मागचा कोंबडा काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आज मी पुण्याच्या रूमवर नाही, गावी आहे. गिरड, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा. टेकडीवर फरीदबाबांचा दर्गा आहे ना, तेच गिरड. खाली सगळी काळी माती, कापूस, सोयाबीन, तूर. ही काळी माती लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मला सगळ्यात जास्त मेसेज येतात ते एकाच प्रश्नाचे. "दादा, गाडीला लोअरिंग स्प्रिंगा टाकू का? रोज ऑफिसला पण न्यायची आहे आणि वर्षातून एखाद्या वेळी ट्रॅकवर पण." या प्रश्नाला मी बरेच दिवस टाळत होतो, कारण उत्तर द्यायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागते. आज सांगतो.

माझी गाडी म्हणजे जुनी पोलो जीटी. चाकणला बनलेली, सेकंडहँड घेतलेली. नीट बोलायचं तर ही स्पोर्ट्स कार नाही, हॉट हॅच आहे. पण स्प्रिंगचं गणित पोर्शेला लागतं तेच हिलाही लागतं. गाडी घेतल्यावर दोनच महिन्यांत मी तिला स्प्रिंगा टाकल्या. गाडी ४० मिलिमीटर खाली बसली, स्प्रिंग मूळच्या साधारण दुप्पट कडक. शॉकअप मात्र जुनेच ठेवले, कारण पैसे संपले होते. पुण्यात गुळगुळीत रस्त्यावर गाडी काय वळायची! स्टिअरिंग हलवलं की नाक लगेच आत. फोटो तर विचारूच नका.

दिवाळीला ती घेऊन गावी आलो. शिर्डीजवळ समृद्धीला लागलो, सगळं काँक्रीट, एक नंबर. दुसऱ्या दिवशी बाबांना हिंगणघाटला डॉक्टरकडे न्यायचं होतं, त्यांच्या मणक्यात गॅप आहे. आई पण आली. येताना रब्बीसाठी चण्याच्या बियाण्याची दोन पोती डिकीत टाकली. समुद्रपूर ओलांडून गिरडकडे येताना एक उजवं वळण आहे, वळणातच मोरी, आणि मोरीच्या आधी रस्ता खचलेला. माझा स्पीड ६० च्या आसपास. रोजचे लोक तिथून याच स्पीडने जातात.

मागून 'धाड' असा आवाज आला आणि गाडीची शेपटी डावीकडे निघाली. समोरून बंडी येत होती. मी काय केलं ते मला आठवत नाही. गाडीत ईएसपी आहे, तिने एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरली. मी सावरलं असं म्हणणार नाही. डावी चाकं रस्त्याखाली, कपाशीत. बंडीवाले काका थांबून बघत होते. आईने दर्ग्याच्या दिशेने हात जोडले. बाबा मागे कंबर धरून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "काऊन रे, हे गाडी हाये का बंडी? बंडी तरी सांगून पलटते."

पुढचे आठ दिवस ते पलंगावर होते. त्या आठ दिवसांत मी लॅपटॉप उघडून गणित मांडलं. जे स्प्रिंग घ्यायच्या आधी करायला पाहिजे होतं, ते नंतर केलं. आजचा एपिसोड म्हणजे ते गणित.

स्प्रिंगचं काम काय?

आमच्याकडे कापूस वाहायला बंडी असते आणि शंकरपटात बैलांना जुंपतात ती हलकी छकडी. छकडीत कोणी कापूस भरत नाही आणि बंडी घेऊन कोणी पटात उतरत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण एकाच स्प्रिंगकडून दोन्ही मागतो.

तुमची गाडी रस्त्याला चार ठिकाणी टेकते. प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढं. वळणं, थांबणं, पळणं, सगळं त्या चार तळहातांवर. स्प्रिंगचं पहिलं काम म्हणजे ते चारही तळहात रस्त्यावर टेकलेले ठेवणं. आराम त्याच्या नंतर येतो. चाक हवेत असेल तर जगातलं सगळ्यात महाग टायर पण शून्य ग्रिप देतं.

मग कडक स्प्रिंगने गाडी चांगली वळते असं वाटतं ते का? कारण गाडी कमी झुकते आणि स्टिअरिंगला पटकन उत्तर देते. ते खरं आहे. पण इथे एक मोठा गैरसमज आहे. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. ते किती जाणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर आणि तुम्ही किती जोरात वळताय यावर ठरतं. समजा १२०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, चाकांत दीड मीटर अंतर, आणि वळणातला जोर ०.९ जी. तर ३६० किलो वजन आतून बाहेर जाणार. स्प्रिंग मऊ असो की लोखंडाच्या ठोकळ्यासारखी, ३६० म्हणजे ३६०. कडक स्प्रिंगने झुकणं कमी होतं, वजनाची ही बदली जवळपास तेवढीच राहते.

स्प्रिंगच्या हातात काय असतं? ते ३६० किलो पुढच्या आणि मागच्या चाकांत कसे वाटायचे, हे. जी बाजू जास्त कडक, ती जास्त वाटा उचलते आणि तिची पकड आधी सुटते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या वळणात नाक बाहेर टाकतात, म्हणून लोक मागची बाजू कडक करतात. कोरड्या ट्रॅकवर हे छान चालतं. पावसात, खचलेल्या मोरीवर, हीच मागची बाजू आधी सुटते. माझी सुटली तशी.

कडकपणा म्हणजे नेमकं किती?

दुकानदार सांगतो, "भाऊ, ही ३० टक्के कडक आहे." कशापेक्षा? कोणत्या गाडीत? नुसत्या कडकपणाच्या आकड्याला अर्थ नाही. त्या स्प्रिंगवर वजन किती बसणार हे पण पाहिजे.

झोक्याची कल्पना करा. प्रत्येक झोक्याची स्वतःची एक लय असते. गाडीच्या प्रत्येक कोपऱ्याची पण असते. कडकपणाला वजनाने भागायचं, वर्गमूळ काढायचं, ६.२८ ने भागायचं. उत्तर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती झोके.

समजा पुढच्या एका चाकावर बॉडीचं ३३० किलो वजन आहे. चाकाशी मोजलेला कडकपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर असेल तर लय येते १.२४ हर्ट्झ. २८ केला तर १.४७. ४० केला तर १.७५. ६० केला तर २.१५. आता याचा अर्थ. रोजच्या आरामशीर गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झमध्ये असतात. स्पोर्टी रोड कार १.५ ते २ च्या दरम्यान. विंग नसलेल्या ट्रॅकच्या गाड्या २ च्या वर. हवेच्या दाबावर पळणाऱ्या रेस कार त्याहून बऱ्याच वर, कारण वेगात हवा गाडीला खाली दाबते तेव्हा ती फार खाली बसून चालत नाही.

माझी मागची बाजू मी मोजली. मागे चाकाशी ४० न्यूटन. पण मागे इंजिन नाही, एकट्या ड्रायव्हरला घेऊन प्रत्येक मागच्या चाकावर बॉडीचं वजन १९० किलोच्या आसपास. लय आली २.३ हर्ट्झ. म्हणजे समुद्रपूरच्या रस्त्यावर मी ट्रॅकची शेपटी घेऊन फिरत होतो.

'चाकाशी मोजलेला' असं मी मुद्दाम म्हणतोय. स्प्रिंग नेहमी चाकाच्या अगदी वर नसते. डबल विशबोनच्या स्पोर्ट्स कारमध्ये ती आर्मवर आत कुठेतरी टेकते. चाक १० मिलिमीटर वर गेलं आणि स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबली, तर गुणोत्तर ०.७. कडकपणाला ०.७ ने दोनदा गुणायचं, म्हणजे ०.४९. दुकानात ६० ची स्प्रिंग घेतली, चाकाला मिळाली २९ ची. म्हणून दुसऱ्या गाडीचा आकडा बघून आपल्या गाडीची स्प्रिंग घेऊ नका.

आणि कृपा करून स्प्रिंग कापू नका. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर आणि वेटोळ्यांच्या संख्येवर असतो. १२ ची तार १३ मिलिमीटर केली की कडकपणा जवळपास ३८ टक्के वाढतो. वेटोळं कापलं की उरलेली स्प्रिंग कडक होते, पण किती ते कापणाऱ्याला माहीत नसतं. शिवाय तिचं टोक बैठकीत नीट बसत नाही.

काळी माती आणि १५ मीटरची लाट

आता ती काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हातभर भेगा पडतात. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोनचार वर्षांत लाटांसारखा होतो. खड्डा दिसत नाही, पण गाडी होडीसारखी डोलते. विदर्भात गाडी चालवलेल्या सगळ्यांना हे माहीत आहे.

समजा एक लाट १५ मीटरची. ७२ च्या स्पीडला तुम्ही सेकंदाला २० मीटर जाता. म्हणजे गाडीला सेकंदाला १.३३ धक्के. मऊ गाडीची स्वतःची लय १.२४. झोक्याला त्याच्याच लयीत ढकललं तर काय होतं? वाढत जातो. तो वाढू न देणं हे स्प्रिंगचं काम नाहीच, शॉकअपचं आहे. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते, शॉकअप ती खाऊन टाकतो. म्हणून आपल्या रस्त्यांवर पहिले पैसे चांगल्या शॉकअपवर घाला, स्प्रिंग नंतर.

आणि स्प्रिंग बदलली तर शॉकअप पण जोडीने बदलावाच लागतो. कडकपणा दुप्पट केला तर तेवढंच नियंत्रण राहायला शॉकअपचा जोर साधारण ४० टक्के जास्त लागतो. मी जुनेच ठेवले होते. स्प्रिंग ढकलत होती आणि तिला धरणारं कोणी नव्हतं.

अजून एक गंमत. पुढचं चाक लाटेवर आधी चढतं, मागचं नंतर. चाकांत अडीच मीटर अंतर असेल तर ७२ च्या स्पीडला सेकंदाचा आठवा भाग उशिरा. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला. त्याने प्रयोग करून दाखवलं की मागची लय पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवली तर मागचा झोका पुढच्याला गाठतो आणि गाडी पुढे-मागे न डुलता सरळ वर-खाली होते. मागे बसलेल्यांची कंबर वाचते. थोडी जलद, बरं का. माझ्यासारखी नाही.

मग मोरीवर झालं काय?

हा भाग नीट ऐका, कारण यावर कोणीच बोलत नाही.

स्प्रिंग दबायला जागा लागते. जागा संपली की चाक रबराच्या बंप स्टॉपवर आदळतं आणि त्या क्षणी कडकपणा एकदम कित्येक पट होतो. माझ्या गाडीत मूळ स्प्रिंगवर मागे, एकटा ड्रायव्हर असताना, रबरापर्यंत साधारण ७० मिलिमीटर जागा होती. मी गाडी ४० खाली बसवली. उरले ३०. मागे आईबाबा आणि दोन पोती बियाणं, म्हणजे प्रत्येक मागच्या चाकावर जवळपास ९५ किलो जास्त. ४० च्या स्प्रिंगवर ते २३ मिलिमीटर. उरले ७.

सात मिलिमीटर! पेन्सिलीच्या जाडीएवढी जागा घेऊन मी खचलेल्या मोरीवर ६० ने वळत होतो. वळणात बाहेरचं चाक आधीच दबलेलं. खड्डा आला, चाक रबरावर, मागची बाजू अर्ध्या क्षणात दगड झाली, टायरची पकड सुटली. 'धाड' हा आवाज त्याचा होता.

मूळची मऊ स्प्रिंग असती तर? त्याच वजनाने ती ४७ मिलिमीटर बसली असती. ७० मधून ४७ गेले, उरले २३. तिप्पट जागा. मऊ स्प्रिंग तिथे जास्त सुरक्षित होती.

याहून लाजेची गोष्ट सांगतो. कॉलेजात मी कॉम्प्युटरचा असूनही फॉर्म्युला स्टुडंटच्या टीममध्ये होतो, सेन्सरचा डेटा वाचायचा कोड लिहायला. त्या स्पर्धेच्या नियमात होतं की ड्रायव्हर बसलेला असताना चाकाला किमान ५० मिलिमीटर हालचाल पाहिजे. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या सपाट ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला सुद्धा! आणि मी घरच्या गाडीत सात ठेवले.

खाली बसवण्याचा आणखी एक छुपा तोटा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असेल, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक गाड्या, तर गाडी खूप खाली आणली की खालचे आर्म बाहेरच्या टोकाला वर झुकतात. गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. म्हणजे खाली बसलेली गाडी झुकायला उलट जास्त ओढ घेते, आणि ती थांबवायला अजून कडक स्प्रिंग लागते. हे चक्र संपत नाही.

कंपन्यांनी काय केलं?

आपल्याकडचीच उदाहरणं बघा. २०१८ मध्ये टाटा मोटर्सने कोइम्बतूरच्या जयेमसोबत टियागो जेटीपी आणली. टर्बो इंजिन, कडक केलेलं सस्पेन्शन. गाडी किती खाली आणली? फक्त ४ मिलिमीटर. तेव्हा कॉलेजात आम्ही हसलो होतो. आता कळतं. त्यांना माहीत होतं की ही गाडी शनिवारी घाटात जाणार आणि सोमवारी चार माणसं घेऊन स्पीडब्रेकरवरून जाणार. दुसरं टोक म्हणजे २०१५ ची अबार्थ पुंटो, पुण्याजवळ रांजणगावची. १४५ हॉर्सपॉवर, बरीच खाली आणलेली. चालवायला जबरदस्त, पण ती घेणारा ठरवून घेत होता की मला हेच पाहिजे.

आणि परदेशात कॉलिन चॅपमनने लोटस एलानमध्ये १९६० च्या दशकात मऊ स्प्रिंगाच ठेवल्या होत्या. हँडलिंगसाठी आजही तिचं नाव निघतं. हलकी गाडी, लांब हालचाल, नीट जुळवलेले शॉकअप.

तर तुम्ही काय करायचं?

एक. वर्षाचे ३६५ दिवस मोजा. ट्रॅकचे किती? दोन? मग स्प्रिंग ३६३ दिवसांची घ्या. ट्रॅकच्या दिवशी ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायरची हवा एवढं बदला. पहिल्या काही ट्रॅक डेला तुमच्या गाडीपेक्षा तुम्हीच जास्त सुधारता.

दोन. स्प्रिंगच्या आधी मोजमाप. शॉकअपच्या दांड्याला एक केबल टाय घट्ट बांधा, पूर्ण खाली सरकवा, आठवडाभर चालवा. टाय जिथे वर ढकलला गेला तिथपर्यंत तुमची जागा वापरली गेली. रबराला लागला असेल तर खाली बसवायचा विषयच सोडा. हे पूर्ण लोड घालून पण करा. घरचे आणि पोती, दोन्ही.

तीन. रस्त्यासाठी मूळपेक्षा २० ते ३० टक्क्यांहून कडक जाऊ नका आणि उंची १०-१५ मिलिमीटरहून जास्त उतरवू नका. त्याला जुळणारे शॉकअप एकत्र घ्या. पैसे नसतील तर थांबा. अर्धं काम करू नका.

चार. झुकणं कमी करायचं असेल तर जाड अँटी-रोल बारचा विचार करा. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर गेली तर तो मध्ये येत नाही, वळणातच काम करतो. पण तोही मागे जपून.

पाच. खरंच दर महिन्याला ट्रॅकवर जात असाल तर कॉइलओव्हर घ्या आणि दोन सेटिंग वहीत लिहून ठेवा. उंची बदलली की व्हील अलाइनमेंट परत. नुसता नट फिरवून घरी जायचं नाही.

सहा. कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्यामुळे बदल करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. अपघात झाल्यावर विचारायला जाऊ नका.

रस्त्यांबद्दल पण एक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच पाहिजे होता, २५ च्या स्पीडने आरामात जाता येईल असा. तुमच्या गल्लीतला मोजून बघा. स्प्रिंग त्या गल्लीसाठी घ्यायची आहे, कागदावरच्या मापासाठी नाही.

मी काय केलं? त्या स्प्रिंगा काढल्या. आता मूळच्या उंचीजवळ, थोड्या कडक, शॉकअप जोडीने नवीन. फोटोत गाडी साधी दिसते. त्याच स्प्रिंगांवर एकदा कोइम्बतूरला ट्रॅकवर जाऊन आलो. गाडी झुकते, पण पुढे काय करणार आहे ते आधी कळतं. बंडीसारखी, सांगून.

आज सकाळी बाबांना परत हिंगणघाटला नेऊन आणलं. तीच मोरी, तेच वळण, अजून खचलेलंच आहे. मी ४० वर आलो. गाडी बसली, उठली, पुढे गेली. मी आरशात बघितलं. बाबा खिडकीतून कोणाच्या तरी कपाशीला किती बोंडं लागलीत ते बघत होते.

स्प्रिंगचा हिशोब करायचा असेल तर गाडी, मागे बसणारी माणसं आणि रोजचा रस्ता, एवढं व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये दोन-तीन गाड्यांचं गणित सोबत सोडवू. चला, भेटू.